जेवणाची वाजव

“जेवणाची वाजव वं, जेवणाची!” बाबा खड्ड्याच्या काठावरून ओरडत होते आणि मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. माय खाली खड्ड्यात सागाच्या ओंडक्याखाली अडकलेली. बाबा वर सब्बलीवर, लोखंडी पहारीवर, अख्खं अंग टाकून पालथे पडलेले, कारण सब्बल सुटली असती तर ओंडका मायच्या छातीवर गेला असता. आणि हा माणूस मला जेवणाची घंटा वाजवायला सांगतो. माझ्या हातात लोखंडाचा दांडा होता, समोर झाडाला टांगलेलं आऱ्याचं गोल पातं होतं आणि मी ते जीव खाऊन बडवत होते. जेवढ्या जोरात बडवीन तेवढी माणसं लवकर येतील, एवढंच मला कळत होतं. नदीपलीकडे सात माणसं झाडं तोडत होती. एकही येत नव्हता.

आम्ही नागपूरच्या लकडगंजचे. बाबा आणि गणपतकाका दोघे सख्खे भाऊ, दोघेही हाताच्या आऱ्याने लाकूड चिरणारे. तेव्हा लकडगंजात यंत्राचे आरे सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांचं किंचाळणं चाले. ओंडका आत शिरला की आवाज बारीक व्हायचा, बाहेर निघाला की मोठा. आमच्या घरात बोलणारा माणूस आपोआप त्या बारीक आवाजाची वाट पाहून बोलायचा. पाहुण्यांना वाटायचं, हे लोक मध्येच का थांबतात. घरात भुसा सगळीकडे. चूल नव्हतीच, भुशाची शेगडी होती. मधोमध बाटली उभी धरून भुसा ठासून भरायचा, मग बाटली हळूच काढून घ्यायची, त्या भोकातून जाळ लागायचा. ते काम माझं होतं. भुसा सैल भरला तर शेगडी मध्येच ढासळायची आणि मायचा हात माझ्या पाठीवर पडायचा. मी चौथी पास झाले त्या वर्षी शाळा संपली. संपवली कोणी, असं कोणी विचारलं नाही, मीही नाही. दिवाळी झाली आणि आम्ही सगळे जंगलात कामाला गेलो. जंगलात अजून हाताच्या आऱ्याला काम होतं. जे ओंडके बैलगाडीत मावत नाहीत ते तिथेच चिरावे लागत.

जागा भिवापूरच्या पुढे, नदीच्या काठावर. शेवटचं गाव मागे पडलं की बैलगाडीने अर्धा दिवस. तिथे साहेबाच्या वेळची लाकूड चिरायची गिरणी होती. होती म्हणजे तिचं मढं होतं. गंजलेलं बॉयलर आडवं पडलेलं, त्यात पावसाळ्यात साप राहायचे. विटांचं धुराडं उभं होतं, त्याच्या आत घुबडं. छप्पर कधीच कोणी उचलून नेलं होतं. साहेब गेला, वाफ गेली, पण लाकूड चिरायची जागा तीच राहिली, कारण उतार बरा होता आणि पाणी जवळ होतं. आमच्या झोपड्या त्या धुराड्याच्या सावलीत. भिंतींना बांबूचे ताटवे, वर पळसाची पानं. गिरणीतलं एक गोल पातं, परातीपेक्षा मोठं, अर्धे दात झडलेलं, मोहाच्या झाडाला साखळीने टांगलं होतं. तीच आमची घंटा.

स्वयंपाक माय करायची, सगळ्या दहा-बारा माणसांचा. भात, लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण, आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. मिरची तव्यावर टाकली की पलीकडच्या झोपडीतली माणसं शिव्या देत बाहेर यायची आणि जेवताना तोच ठेचा दोनदा मागून घ्यायची. कधी नदीतले झिंगे मिळाले तर त्या दिवशी कोणी भांडत नसे. मी पाणी आणायची, पानं तोडायची, आणि स्वयंपाक झाला की पातं वाजवायची. तीन ठोके सावकाश, मग थांबायचं, पुन्हा तीन. पलीकडे नदीच्या चढावर सात माणसं सोमाजी मुकादमाच्या हाताखाली झाडं तोडत होती. मधे नदीला खडक होते आणि पाण्याचा आवाज एवढा की माणसाचा गळा फाटला तरी पलीकडे ऐकू जात नसे. पातं मात्र जायचं.

दुसरी खूण होती पाटलांची. त्या जंगलात वाघाला कोणी वाघ म्हणत नसे. नाव घेतलं की येतो. म्हणून पाटील. “काल पाटील पाण्यावर आले होते.” “पाटलांनी तिकडल्या गावची गाय नेली.” गणपतकाका म्हणायचे, “आपल्या गावच्या पाटलापेक्षा हा बरा गा. पोट भरलं की थांबते तरी.” पाटील झोपड्यांजवळ दिसले की पातं जोरात, न थांबता वाजवायचं. त्याचा अर्थ ‘धावा’ असा नव्हता. त्याचा अर्थ होता, जिथे आहात तिथेच थांबा, झाडावर चढा, नदी ओलांडू नका. आमच्या आधी कधीतरी एक माणूस घंटा ऐकून मदतीला धावला होता आणि नदीच्या वाटेवर थेट पाटलांच्याच पुढ्यात गेला होता. तेव्हापासून तो नेम. जेवणाची खूण ठरली होती, वाघाची ठरली होती. माणूस सापडला तर काय वाजवायचं, ते कोणी ठरवलंच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात माझी नात मला तिथे घेऊन गेली. आता तिथे तंबू आहेत, चेन लावून बंद होणारे, आत पलंग आणि उशी. लोक नागपूरहून मोटारीने येतात, नदीकाठी बसतात, शेकोटी करतात. गिरणीबद्दल पाटी लावली आहे. बॉयलरला रंग दिला आहे. नात म्हणाली, “आजी, तू इथे राहायचीस? किती मस्त ना!” मी म्हटलं, हो, मस्त. मोहाचं झाड नाही आता, पण ते पातं आहे. दोन खांबांत टांगलं आहे. सकाळी तिथल्या माणसाने नाश्त्यासाठी ते वाजवलं, गमतीने, धडाधडा, आणि सगळे हसत हसत धावले. मी तंबूतून बाहेर आले नाही. नातीला वाटलं मला थंडी वाजते.

तर काका. हाताच्या आऱ्याला दोन माणसं लागतात. माणूसभर खोल खड्डा, त्यावर जाड वाशांच्या दोन आडव्या बल्ल्या, त्यावर ओंडका. एक जण ओंडक्यावर उभा, एक जण खाली खड्ड्यात. वरचा आरा वर ओढतो आणि रेघेवर नजर ठेवतो. खालचा खाली ओढतो, कापतो तोच, आणि सगळा भुसा त्याच्या तोंडावर. वर बाबा, खाली काका, कायम. काका दिवसभर खालून बडबडायचे. “दादा, देवानं तुले वर उभं केलं म्हणून माह्या डोळ्यात भुसा पाडून राहिला का गा?” बाबा म्हणायचे, “मंग ये वर, मी जातो खाली.” “नको, वरून पडलो तर बायको कोण देईन मले?” काकांचं लग्न झालं नव्हतं. ही बडबड मला रिकामी वाटायची. रिकामी नव्हती. ओंडका घरंगळू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना पाचरी ठोकलेल्या असतात, त्या हादऱ्याने सैल होतात, आणि सैल झालेली पाचर खालूनच दिसते. काका बोलता बोलता मधेच “पाचर!” म्हणायचे, बाबा थांबून दोन घाव घालायचे, पुन्हा आरा सुरू. खालच्या माणसाचं अर्धं काम आरा ओढायचं आणि अर्धं वर बघायचं. हे बाबांना आणि काकांना इतकं सवयीचं होतं की ते कोणाला सांगायचं असतं, हेच बाबा विसरून गेले होते.

त्या आठवड्यात काकांना ताप भरला. दिवसाआड थंडी वाजून यायचा, मग रोज यायला लागला. डोळे पिवळे झाले. गावातली बैलगाडी त्या दिवशी दुपारी येणार होती, त्यांना भिवापूरला दवाखान्यात न्यायला. ती खास त्यांच्यासाठी सांगितली होती. सकाळी मायने मला त्यांच्या झोपडीत बसवलं. म्हणाली, “पाण्याचा तांब्या रिकामा नको राहू देऊ. मागो का न मागो, देत राह्य.”

आणि ओंडका अर्धा चिरून खड्ड्यावर पडलेला. अर्धा चिरलेला साग उन्हात तसाच ठेवला की फाटतो. बाबा दोन दिवस त्याच्याभोवती फिरत होते. मग मायला म्हणाले, घटकाभर ओढशील का. माय आधीही दोन-चारदा खाली उतरली होती, बारक्या ओंडक्याला. काकांनी ऐकलं. अंगावर दोन घोंगड्या असून दात वाजत होते, तरी म्हणाले, “वैनी, नका उतरू. उद्या बसतो मी.”

माय म्हणाली, “तुमचा उद्या पाहून राहिलो दोन दिवसांपासून, भाऊजी. मी का नवी आहो?” लुगड्याचा पदर डोक्याला गुंडाळला आणि उतरली.

माय ओढायला बाबांपेक्षा कमी नव्हती. पण बोलत नव्हती. ती कामात कधीच बोलायची नाही. डोळ्यात भुसा जाऊ नये म्हणून मान खाली घालून, डोळे मिटून ओढत राहिली. वर बघायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी झोपडीच्या दारातून आऱ्याचा आवाज ऐकत होते, खर्र, खर्र. मग एक आवाज आला, भिंत बसल्यासारखा. त्यानंतर काही नाही. नुसती नदी.

मी गेले तेव्हा ओंडक्याचं एक टोक खड्ड्यात होतं आणि दुसरं वर बल्लीवर टेकलेलं. माय भिंतीला लागून, मांडीपासून खाली ओंडक्याखाली. तिचं तोंड भुशाने पिवळं झालेलं, त्यात डोळे तेवढे उघडे. ती ओरडत नव्हती. वरचं टोक बोटाबोटाने सरकत होतं. बाबांनी त्याखाली सब्बल घातली होती आणि तिच्यावर पडून होते. त्यांना उठता येत नव्हतं, हात काढता येत नव्हता. त्या जागेवर तीन माणसं मोकळी नव्हती, एक खाली अडकलेली, एक वर अडकलेला, एक तापाने पडलेला. मोकळी फक्त मी होते, आणि माझा काही उपयोग नव्हता. मी ओंडक्याला हात लावून ढकलून पाहिला. आज हसू येतं. हत्तीला ढकलल्यासारखं.

बाबा म्हणाले, “सोमाजीले बोलाव.” मी नदीकडे धावले. मोठ्या माणसांच्या कमरेएवढं पाणी होतं, माझ्या छातीला लागलं आणि पाय उचलले गेले. खडकाला धरून परत आले. काठावर उभी राहून ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पलीकडे झाड तोडल्याचे ठोके येत होते, निवांत. तिथून उलटपावली धावत येऊन दांडा घेतला आणि पातं बडवायला लागले.

तोडण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, ऐकलं. आता येतील. मी आणखी जोरात बडवलं. हाताची सालं निघाली. कोणी येत नव्हतं. मग नदीपलीकडच्या चढावर मला एक माणूस दिसला, झाडाच्या बेचक्यात चढून बसलेला. त्याच्या वर आणखी एक. ते माझ्याकडे बघत होते आणि हाताने खूण करत होते, आत जा, आत जा. मी त्यांना वाघ आल्याचं सांगत होते आणि ते नेमाने वागत होते. मी जेवढं जोरात वाजवत होते, तेवढे ते पक्के बसत होते.

तेव्हा बाबा ओरडले, जेवणाची वाजव.

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा हात ऐकेना. सावकाश तीन ठोके मारायचे आणि थांबायचं. माय तिथे पडलेली, आणि आपण थांबायचं. पहिल्यांदा तिनाचे पाच झाले, मग सात. बाबा शिवी देऊन म्हणाले, “हळू वं! भात शिजला म्हण! भात शिजला!” मग मी पाढे म्हणायला घेतले. तेराचा पाढा मला नीट येत नव्हता, अडखळत यायचा, म्हणून तोच घेतला. तेर एके तेर, ठोका. तेर दुणे सव्वीस, ठोका. तेर त्रिक एकोणचाळीस, ठोका. थांब. चार वर्षांच्या शाळेचा मला झालेला हा एवढाच उपयोग. मधल्या शांततेत सब्बल कुरकुरल्याचं ऐकू यायचं आणि खड्ड्यातून मायचा श्वास.

माणसं झाडावरून उतरली. उतरली, पण लगेच आली नाहीत. एकमेकांत बोलत उभी राहिली. आत्ता पाटील, आणि आत्ता जेवण? सूर्य तर डोक्यावरही आला नव्हता. मी वाजवत राहिले. दांडा टाकून हात हलवावेत तर पुन्हा वाघ समजून चढतील, ही भीती. शेवटी निघाली. कुऱ्हाडी डोक्यावर धरून पाण्यात शिरली. एकाने मधेच थांबून तोंड धुतलं. एकाची चप्पल वाहत गेली तर दोघे ती पकडायला वाकले आणि हसले. मला हे सगळं दिसत होतं. मी तेर नवे एकशे सतरा म्हणत होते. जगात माणसाला एवढं सावकाश चालता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

सोमाजी मुकादम पुढे होते. काठावर आले, मिशीचं पाणी पुसलं आणि म्हणाले, “काय वं सुमे, पाटलाले जेवाले बसवलं का?”

मी दांड्याने खड्ड्याकडे दाखवलं. त्यांनी बाबांचे पाय पाहिले, मातीत रुतलेले, आणि पुढचं हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं. मग मात्र धावले. सात माणसांनी ओंडका उचलून बाजूला केला, मग त्यांतले दोघे खाली उतरले. बाबांचे हात सब्बलीवरून सोडवावे लागले, एकेक बोट. ते स्वतःहून उघडत नव्हते.

मायचा पाय गुडघ्याच्या वर मोडला होता आणि रक्त थांबत नव्हतं. त्याच ओंडक्यातून निघालेल्या दोन पाट्यांमध्ये, म्हणजे फळ्यांमध्ये, तो बांधला. तोवर बैलगाडी आली. काकांची गाडी. गाडीवानाने पाहिलं आणि म्हणाला, आडवा माणूस एकच मावेल. बाबा बसून राहिले. शेवटी सोमाजींनी मला काकांच्या झोपडीत पाठवलं.

काका कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होते. घोंगडी घामाने भिजलेली. “काय झालं वं? पाटील आले का?” मी सांगितलं. ते पुन्हा पडले. तसेच पडून म्हणाले, “दादाले सांग, गाडी वैनीले दे. मी जातो उद्या.” मग म्हणाले, “पाचर पाहिली नसन तिनं.” तांब्या उशाशी रिकामा होता. त्यांनी पाणी मागितलं नाही. मी दिलं नाही. बाहेरून बाबा हाक मारत होते, मायचं डोकं धरायला गाडीत कोणीतरी पाहिजे होतं.

गाडी निघाली तेव्हा सोमाजी म्हणाले, “गणपतची काळजी करू नको गा. आम्ही आहो इथं.” ते खोटं बोलले नाहीत. होते ते तिथे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं तोडायला पलीकडे गेले, जायलाच लागतं. दुपारी स्वयंपाकाला कोणी नव्हतं, पातं वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून उशिरापर्यंत कामच करत राहिले. आले तेव्हा काका झोपडीच्या दारात पडलेले होते, हात पाण्याच्या माठाकडे. हे मला सोमाजींनी नाही, चप्पल वाहून गेलेल्या माणसाने सांगितलं, खूप वर्षांनी, लकडगंजात, चहा पिताना. बाबा मायला नागपूरच्या दवाखान्यात ठेवून तिसऱ्या दिवशी काकांसाठी गाडी घेऊन परत पोचले तेव्हा नदीकाठी राखसुद्धा थंड झाली होती.

बाबा पुन्हा हाताच्या आऱ्याला बसले नाहीत. खाली उतरायला माणसं पुष्कळ मिळाली असती. यंत्राच्या आऱ्यावर ओंडके उचलायला लागले आणि मरेपर्यंत तेच केलं. मायचा पाय चार बोटं आखूड जुळला. म्हातारपणी तिला धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी फोटो उजेडात धरून विचारलं, “आजी, हा पाय कोणी बसवला?” माय म्हणाली, “सागाच्या पाट्यांनी.” डॉक्टर हसले. तिने हसवायला म्हटलं नव्हतं.

खड्ड्यात उतरलेली माय जगली. सब्बल धरून राहिलेले बाबा जगले. पातं वाजवणारी मी अजून जगते आहे. काका त्या ओंडक्याजवळ नव्हतेच, ते वाचले नाहीत.